व्हीपीएनसाठी यूडीपी की टीसीपी? निवड नेमकी कशावर करायची?

कुंपणावरचा (धागाकर्ता)

ऑफिसचा ओपनव्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात सुरक्षित बोगदा, म्हणजे टनेल, काढणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर नव्याने लावायचा आहे. सध्या सगळे क्लायंट (लोकांची यंत्रं) टीसीपीच्या पोर्ट ४४३ वरून येतात; टीसीपी पॅकेट (डेटाचे तुकडे) क्रमाने पोचवते आणि पोच घेते. लोक घरच्या वायफायवरून आणि मोबाइल डेटावरून जोडलेले असतात. काम म्हणजे फाइल शेअर, रिमोट डेस्कटॉप आणि टनेलमधूनच जाणारे व्हिडिओ कॉल.

तक्रारी नेहमीच्याच. रिमोट डेस्कटॉप दोन-चार सेकंद गोठतो आणि मग सगळं एकदम धावत सुटतं. कॉलमध्ये आवाज तुटतो. मोठी फाइल कॉपी करताना वेग शून्यावर येतो, परत चढतो, परत पडतो. बँडविड्थ दोन्ही टोकांना भरपूर आहे.

यूडीपीवर जा असं बरेच जण सांगतात. पण यूडीपी डेटा पोचल्याची खात्री देत नाही, मग फाइल कॉपीचं काय? शिवाय काही जणांना चाचणीसाठी यूडीपी ११९४ ची फाइल दिली, तर कनेक्शन लागतं, पिंग जातो, पण वेबपानं अर्धवट उघडतात आणि फाइल कॉपी सुरूच होत नाही. त्याच लोकांचं टीसीपीवर सगळं उघडतं. त्यामुळे निर्णय होत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

---

पाकीटमार

यूडीपी. आणि 'खात्री देत नाही' ही भीती मनातून काढून टाका.

टनेलच्या आतून जाणारी फाइल कॉपी स्वतः टीसीपीच आहे. हरवलेलं पॅकेट परत मागवण्याचं काम ती करते, तुमच्या लॅपटॉपपासून फाइल सर्व्हरपर्यंत. बाहेरचं वेष्टन यूडीपी असलं की ते फक्त पॅकेट वाहून नेतं. हरवलं तर हरवलं, आतल्या टीसीपीला ते कळतं आणि ती परत पाठवते. खात्री आहे त्याच जागी राहते, कमी होत नाही.

बाहेरही टीसीपी लावली की एकाच कामावर दोन मुकादम होतात. दोघांचे टायमर वेगळे, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

---

तुंबलेला_पाईप

वरच्या प्रतिसादात भर घालतो, कारण धागाकर्त्यांनी लिहिलेलं 'गोठतं आणि मग धावतं' हे लक्षण याच गोष्टीचं आहे. नेमकं काय होतं ते क्रमाने पाहा.

बाहेरच्या टीसीपीचं एक पॅकेट वाटेत पडलं. टीसीपी क्रम मोडत नाही, म्हणून त्यामागची सगळी पॅकेट समोरच्या यंत्रावर पोचूनही कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये अडकून राहतात. ती ओपनव्हीपीएनच्या हातातच येत नाहीत. त्यात तुमच्या कॉलचा आवाज असतो, रिमोट डेस्कटॉपचं चित्र असतं, दुसऱ्याच कुठल्या डाउनलोडचा डेटा असतो. हरवलेलं पॅकेट यांपैकी फक्त एकाचं होतं, खोळंबा मात्र सगळ्यांचा झाला.

आता आतल्या टीसीपीकडे बघा. तिला पोच मिळत नाही. तिचा टायमर संपतो आणि ती तोच डेटा पुन्हा पाठवते. लिनक्सवर हा टायमर कमीत कमी २०० मिलिसेकंदांचा असतो, आरएफसी ६२९८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) मध्ये किमान १ सेकंद सुचवलेला आहे. पुन्हा पाठवलेला डेटाही बाहेरच्या टीसीपीच्याच रांगेत जातो, आणि तिने तर एकूण एक बाइट पोचवण्याचा वसा घेतलेला! म्हणजे मूळ प्रतही पोचवायची आणि नक्कलही. आधीच तुंबलेल्या रांगेत अनावश्यक डेटाची भर पडते. दर अपयशाला टायमर दुप्पट होतो: १, २, ४, ८ सेकंद. बाहेरची टीसीपी सावरली तरी आतली बराच वेळ सुस्त राहते, ती याच वाढलेल्या टायमरमुळे.

दुसरी बाजू याहून वाईट. आतल्या टीसीपीला कधी लॉस (पॅकेट हरवणं) दिसतच नाही, कारण बाहेरची तो लपवते. वेग कमी करायची खूण म्हणजे लॉस, आणि ती खूणच मिळत नाही. त्यामुळे आतली टीसीपी आपली खिडकी (पोच येण्याआधी पाठवायचा डेटा) फुगवत नेते, बफर भरत जातात आणि लेटन्सी (पोचायला लागणारा वेळ) चढत जाते. टीसीपी टनेलमधून मोठं डाउनलोड चालू ठेवून शेजारी पिंग लावा, मिलिसेकंदांचे सेकंद होताना दिसतील.

---

मध्यरात्र

@तुंबलेला_पाईप, प्रतिसाद उत्तम, एक दुरुस्ती. आतल्या टीसीपीला लॉस 'कधीच' दिसत नाही असं नाही. ओपनव्हीपीएनच्या टीसीपी सर्व्हरमध्ये 'टीसीपी-क्यू-लिमिट' नावाचा पर्याय आहे, मूळ किंमत (काही न लिहिल्यास लागू होणारी) ६४. एखाद्या क्लायंटसाठी रांगेत ६४ पॅकेट साठली की सर्व्हर त्याची पुढची पॅकेट सरळ टाकून देतो.

म्हणजे 'टीसीपी टनेलमध्ये पॅकेट हरवत नाही' ही समजूतही खरी नाही. आधी लेटन्सी वाढते आणि नंतर लॉसही होतो.

---

सव्यसाची

वाचनखूण साठवली.

---

उंबरठा

थोडा विरोधी सूर लावतो. वरचं सगळं बरोबर आहे, पण ते लॉस असलेल्या लिंकबद्दल आहे. ज्या लिंकवर लॉस जवळजवळ शून्य आहे, तिथे टीसीपी टनेल व्यवस्थित चालतं. वेगही यूडीपीइतकाच मिळतो, कधी थोडा जास्तही, कारण टीसीपीचा मोठा डेटा तुकडे पाडायला नेटवर्क कार्डाकडे देता येतो आणि प्रोसेसरवरचा भार कमी होतो.

आणि व्यवहाराची बाजू बघा. यूडीपी बंद असलेली नेटवर्कं भरपूर आहेत: पाहुण्यांसाठीची वायफाय, कडक फायरवॉलमागची ऑफिसं, फक्त एचटीटीपी प्रॉक्सीतून बाहेर सोडणारी ठिकाणं. प्रॉक्सीतून जायचं तर ओपनव्हीपीएनला टीसीपीच लागते, 'एचटीटीपी-प्रॉक्सी' हा पर्याय यूडीपीबरोबर चालत नाही. ज्याला मदतकक्षाचे फोन घ्यायचे आहेत त्याला 'संथ आहे' ही तक्रार परवडते, 'लागतच नाही' ही परवडत नाही. म्हणून टीसीपी ४४३ ठेवणाऱ्या माणसाला सरसकट चूक ठरवू नका.

---

पाकीटमार

@उंबरठा, टीसीपी ठेवायलाच हवी, यावर दुमत नाही. ती पहिली ठेवायची का, हा प्रश्न आहे. धागाकर्त्यांचे लोक घरच्या वायफायवर आणि मोबाइलवर आहेत, आणि शून्य लॉसची लिंक म्हणतात ती ही नव्हे. आधी यूडीपी, जिथे नाहीच लागली तिथे टीसीपी, असा क्रम एकाच क्लायंट फाइलमध्ये लावता येतो. मग 'संथ' आणि 'लागत नाही' यांतून एक निवडायची पाळीच येत नाही.

---

रानवारा

धागाकर्त्यांच्या प्रश्नातला एक भाग सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. 'यूडीपीवर कनेक्शन लागतं, पिंग जातो, पण पानं अर्धवट उघडतात.' हा यूडीपीचा दोष नाही. हे एमटीयूचं (वाटेवर मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटच्या मापाचं) दुखणं आहे, आणि 'यूडीपी भरवशाची नाही' असा गैरसमज सगळ्यात जास्त पसरतो तो यातूनच.

इथरनेटचा एमटीयू १५००. पीपीपीओई (काही ब्रॉडबँड जोडण्यांची पद्धत) असेल तर १४९२. मोबाइल नेटवर्कमध्ये किंवा मध्ये आणखी एखादं टनेल असेल तर त्याहून कमी. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर आपलं वेष्टन चढवतं, त्यामुळे आतलं १५०० चं पॅकेट बाहेर पडताना वाटेच्या मापापेक्षा मोठं होतं. एरवी वाटेतला राउटर 'तुकडे करावे लागतील' असा आयसीएमपी संदेश परत पाठवतो. पण बऱ्याच फायरवॉल आयसीएमपी सरसकट अडवतात. मोठं पॅकेट गुपचूप मरतं आणि कोणाला काही कळत नाही.

पिंग ८४ बाइटचा, तो जातो. ओपनव्हीपीएनचा हँडशेकही (जोडणी ठरवणारी सुरुवातीची देवाणघेवाण) जातो, कारण २.६ पासून कंट्रोल पॅकेट मूळातच सुमारे १२५० बाइटांच्या आत ठेवलेली असतात. मग पानाचा मजकूर यायला लागतो, पूर्ण मापाची पॅकेट सुरू होतात, आणि तिथे गाडी अडते. एसएसएचमध्ये (दूरच्या यंत्रावर आज्ञा देण्याचं साधन) याचंच रूप म्हणजे लॉगिन होतं, पण मोठी यादी मागवली की पडदा थिजतो.

टीसीपीवर हे दिसत नाही, कारण तिथे बाहेरचे तुकडे कर्नल पाडतो. दोन्ही टोकं एमएसएस (टीसीपीच्या एका तुकड्याचं कमाल माप) ठरवून घेतात, वाटेतले राउटरही तो बऱ्याचदा कमी करून देतात. आतलं १५०० चं पॅकेट दोन तुकड्यांत गेलं तरी ओपनव्हीपीएनला फरक पडत नाही, त्याला बाइटांचा सलग प्रवाहच मिळतो.

तपासायचं असं. व्हीपीएन बंद ठेवून, क्लायंटच्या यंत्रावरून व्हीपीएन सर्व्हरच्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करा, 'तुकडे करू नका' हा पर्याय लावून. लिनक्सवर 'पिंग -एम डू -एस १४७२', विंडोजवर 'पिंग -एफ -एल १४७२'. १४७२ मध्ये २८ बाइट मिळवले (आयपीचे २०, आयसीएमपीचे ८) की १५०० होतात. गेला तर वाट पूर्ण १५०० ची आहे. नाही गेला तर दहा-दहाने उतरा, जिथे जाईल तिथून एकेकाने वर चढा. मिळालेल्या आकड्यात २८ मिळवा, तो वाटेचा खरा एमटीयू. त्या पत्त्यावर पिंगला उत्तर मिळत असलं पाहिजे, हे आधी बघून घ्या.

ज्यांचं यूडीपी अर्धवट चालतं त्यांच्याच यंत्रावर हे करायचं. ऑफिसात बसून करून उपयोग नाही.

---

दीपस्तंभ

@रानवारा +१. हा मुद्दा सगळ्या 'यूडीपी वि. टीसीपी' चर्चांमध्ये पहिल्या प्रतिसादात असायला हवा.

आकडा हातात आल्यावर काय लिहायचं ते देतो. समजा १४१२ गेला, १४१३ गेला नाही. म्हणजे वाट १४४० ची.

ओपनव्हीपीएन २.६ मध्ये: 'एमएसएसफिक्स १४४० एमटीयू'. शेवटचा 'एमटीयू' हा शब्द महत्त्वाचा, त्यामुळे बाहेरचे आयपी आणि यूडीपी हेडरही हिशेबात येतात. तो शब्द नसेल किंवा आवृत्ती जुनी असेल तर २८ वजा करा: 'एमएसएसफिक्स १४१२'. २.६ ची मूळ किंमत '१४९२ एमटीयू' आहे, त्यामुळे १४४० च्या वाटेवर काही न लिहिता सोडलं तर अडणारच.

वायरगार्डमध्ये (यूडीपीवरच चालणारं दुसरं व्हीपीएन): वेष्टन आयपीव्ही४ वर ६० बाइट (आयपी २०, यूडीपी ८, वायरगार्डचे स्वतःचे ३२), आयपीव्ही६ वर ८०. त्याची मूळ किंमत १४२० आहे ती १५०० मधून ८० वजा करूनच आलेली. १४४० च्या वाटेसाठी १३६० ठेवा, दोन्हीकडे चालेल. आतून आयपीव्ही६ नेत असाल तर १२८० च्या खाली मात्र उतरता येत नाही.

एमएसएसफिक्सचा परिणाम फक्त आतल्या टीसीपीवर होतो, हेही ध्यानात असू द्या. आतून मोठी यूडीपी पॅकेट जाणार असतील तर टनेलचा एमटीयूच कमी करावा लागतो. ओपनव्हीपीएनमध्ये 'फ्रॅगमेंट' पर्याय आहे, पण तो दोन्ही टोकांना लावावा लागतो आणि प्रत्येक पॅकेटवर आणखी ४ बाइट चढवतो. अगदी नाइलाज असेल तरच.

---

घड्याळकाटा

मोबाइलच्या बाजूने दोन मुद्दे, एक टीसीपीच्या बाजूचा, एक विरोधातला.

टीसीपीच्या बाजूचा: एनएटी (अनेक यंत्रांना बाहेर एकच पत्ता वापरू देणारी राउटरची सोय). यूडीपीला 'कनेक्शन संपलं' अशी खूण नसते, म्हणून राउटर अंदाजाने नोंद पुसतो. लिनक्समध्ये एकतर्फी यूडीपीची नोंद ३० सेकंद, दुतर्फी वाहतूक दिसली तर १२० सेकंद टिकते. लागलेल्या टीसीपीची नोंद ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस. नोंद पुसली गेली की सर्व्हरकडून येणारं पॅकेट क्लायंटपर्यंत पोचत नाही. म्हणून यूडीपीवर सतत 'मी आहे' सांगत राहावं लागतं. वायरगार्डमध्ये 'पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५', ओपनव्हीपीएनमध्ये 'कीपअलाइव्ह १० ६०'. दर १० सेकंदाला फोनचा रेडिओ जागा होतो आणि बॅटरी खातो. वायरगार्डचा कीपअलाइव्ह मूळात बंद असतो, तो तसाच ठेवा. सर्व्हरकडून आपणहून काही यायचं असेल तरच लावा.

विरोधातला: फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की पत्ता बदलतो. टीसीपी कनेक्शन दोन पत्ते आणि दोन पोर्ट या चौकडीला बांधलेलं असतं, एक बदलला की ते मेलं. नवा हँडशेक सुरुवातीपासून. यूडीपीवर वायरगार्ड शेवटच्या खऱ्या ठरलेल्या पॅकेटचा पत्ता उचलतो आणि पुढे चालू लागतो. ओपनव्हीपीएनलाही २.४ पासून हे यूडीपीवर जमतं. आयपीसेक व्हीपीएनच्या आयकेईव्ही२ प्रोटोकॉलमध्ये यासाठी मोबाइक आहे, आरएफसी ४५५५.

फिरत्या माणसाला दुसऱ्या मुद्द्याची किंमत पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त.

---

अनुस्वार

एक शंका. टीसीपी ४४३ वर ओपनव्हीपीएन ठेवलं की फायरवॉलला ते नेहमीचं एचटीटीपीएस वाटतं, असं वाचलं होतं. खरं का?

---

मध्यरात्र

@अनुस्वार, फक्त पोर्टचा आकडा बघणाऱ्या फायरवॉलला वाटतं. आत डोकावणाऱ्या फायरवॉलला नाही.

टीएलएसचा (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनचा) हँडशेक हेक्स १६ या बाइटने सुरू होतो. ओपनव्हीपीएन टीसीपीवर आधी दोन बाइट लांबी लिहितं आणि मग आपला ऑपकोड (पॅकेटचा प्रकार सांगणारा आकडा), क्लायंटच्या पहिल्या पॅकेटमध्ये बहुधा हेक्स ३८. टीएलएस आहे, पण ते या वेष्टनाच्या आत. पहिल्या तीन बाइटांतच ओळख पटते. 'टीएलएस-क्रिप्ट' (हँडशेकही सामायिक किल्लीने बंद करणारा पर्याय) लावलं तरी ऑपकोड उघडाच राहतो. त्याचा खरा फायदा वेगळा: किल्ली नसलेल्या कोणालाही सर्व्हर उत्तर देत नाही, त्यामुळे यूडीपीवर पोर्ट स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. टीसीपीवर निदान पोर्ट उघडं असल्याचं तरी दिसतंच.

खरोखर एचटीटीपीएससारखं दिसायला हवं तर एसटनेलमध्ये (टीएलएसचं वेष्टन चढवणारं साधन) गुंडाळा किंवा मूळातच टीएलएसवर चालणारं घ्या: एसएसटीपी किंवा ओपनकनेक्ट. ओपनकनेक्टची रचना मला फार शहाणपणाची वाटते. आधी टीसीपी ४४३ वर टीएलएसने जोडतं, लगेच यूडीपीवर डीटीएलएस (टीएलएसचं यूडीपी रूप) करून बघतं, ते लागलं तर डेटा तिकडे वळवतं, नाही लागलं तर टीएलएसवरच चालू राहतं. वापरणाऱ्याला काहीच निवडावं लागत नाही.

---

उंबरठा

आणि नेटवर्क दुसऱ्याचं असेल तर लपवाछपवीपेक्षा त्यांच्या व्यवस्थापकाला सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट देऊन यूडीपी उघडून मागावी. एका ओळीचं काम असतं आणि पुढची कित्येक वर्षं टीसीपीचा त्रास वाचतो.

---

सव्यसाची

यूडीपी 'बंद' आहे असं ठरवण्याआधी पोर्ट बदलून बघा. ११९४ बंद असलेल्या बऱ्याच ठिकाणी यूडीपी ४४३ उघडं असतं, कारण ब्राउझर एचटीटीपी/३ साठी क्विक वापरतात आणि ते यूडीपी ४४३ वर चालतं. यूडीपी ४५०० सुद्धा बऱ्याचदा उघडं असतं, आयपीसेक एनएटीमधून जातं ते याच पोर्टने. यूडीपी ५३ च्या नादी लागू नका, तिथे मध्येच डीएनएस अडवून उत्तर देणारी यंत्रं बसलेली असतात.

तपासणीबद्दलही एक सूचना. एनमॅपने (पोर्ट तपासणारं साधन) यूडीपी पोर्ट 'उघडं किंवा गाळलेलं' दाखवलं तर त्यातून काहीच कळत नाही. उत्तर न देणं हे वायरगार्डचं ठरवून केलेलं वागणं आहे. सर्व्हरवर टीसीपीडम्प लावून पॅकेट येताहेत का ते बघा. वायरगार्डची लांबी ओळखीची असते: क्लायंटचं पहिलं पॅकेट १४८ बाइट, सर्व्हरचं उत्तर ९२, कीपअलाइव्ह ३२. सर्व्हरवर दर ५ सेकंदांनी १४८, १४८, १४८ असं येतंय आणि ९२ एकदाही बाहेर पडत नाही, तर नेटवर्क निर्दोष आहे, किल्ली चुकली आहे. १४८ येतंय, ९२ जातंय, आणि तरी परत १४८ येतंय, तर परतीची वाट अडली आहे. १४८ दिसतच नाही, तरच 'यूडीपी बंद' म्हणा.

---

अनुस्वार

हे १४८ आणि ९२ चं भिंतीवर लिहून ठेवतो. धन्यवाद.

---

तुंबलेला_पाईप

अवांतर: एसएसएचचं टनेलही टीसीपीच्या आत टीसीपी, म्हणून वाईट, असं बऱ्याचदा ऐकू येतं. ते सरसकट खरं नाही. एसएसएचचं '-एल' किंवा '-डी' वापरलं की आतलं टीसीपी कनेक्शन तुमच्याच यंत्रावर संपतं, एसएसएच फक्त बाइट पुढे नेतं आणि पलीकडे नवं टीसीपी कनेक्शन उघडतं. टायमरवर टायमर चढत नाही. एकामागे दुसऱ्याचा खोळंबा मात्र राहतो. '-डब्ल्यू' वापरून पूर्ण आयपी पॅकेट नेली, तर ते टीसीपी टनेलचे सगळे आजार घेऊन येतं.

म्हणून जिथे फक्त टीसीपी उघडी आहे आणि काम एकाच डेटाबेसचं किंवा एकाच वेब पॅनलचं आहे, तिथे टीसीपी व्हीपीएनपेक्षा '-एल' चांगलं.

---

दीपस्तंभ

अवांतरात भर: क्विकचा विषय निघालाच आहे तर, क्विकवर व्हीपीएन नेण्याचे मानकही आले आहेत. क्विक स्वतः आरएफसी ९००० (२०२१), त्यात हरवली तर हरवू देणारी डेटाग्रॅम आरएफसी ९२२१ (२०२२), आणि त्यावर पूर्ण आयपी पॅकेट नेणारं कनेक्ट-आयपी आरएफसी ९४८४ (२०२३). यूडीपी ४४३ वर, वेबसारखंच दिसणारं. पण कोणी क्विकवर व्हीपीएन देत असेल तर पॅकेट डेटाग्रॅममधून जातात की स्ट्रीममधून, हे विचारा. स्ट्रीममधून जात असतील तर हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, आणि आपण फिरून @तुंबलेला_पाईप यांच्या पहिल्या प्रतिसादापाशी येतो.

आयपीसेकवाल्यांसाठी: आयकेईव्ही२ ला टीसीपीत गुंडाळायचं मानक आरएफसी ९३२९ (२०२२). त्यातही आधी यूडीपी करून बघावी आणि न जमल्यास टीसीपी, हेच सांगितलंय.

---

कुंपणावरचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. @रानवारा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. अर्धवट पानं उघडणाऱ्यांच्या यंत्रावर पिंग १४१२ ला जातो, १४१३ ला नाही. 'एमएसएसफिक्स १४४० एमटीयू' सर्व्हरवर घातल्यावर यूडीपीवर पानं पूर्ण उघडताहेत आणि फाइल कॉपीही चालू झाली.

आता दोन गोष्टी हव्यात. एक, बदल व्यवस्थापनाला पटवायला मोजमाप कसं दाखवू? दोन, यूडीपी आधी आणि टीसीपी नंतर, ही मांडणी नेमकी कशी लिहायची?

---

तुंबलेला_पाईप

मोजमापाचं सांगतो. सर्व्हरच्या आतल्या बाजूला आयपर्फ३ (वेग मोजणारं साधन) ठेवा. चाचणी ६० सेकंदांची घ्या, १० सेकंदांत टीसीपीचं कोसळणं दिसत नाही. एकदा साधी, एकदा '-आर' लावून उलट दिशेची, कारण दोन्ही दिशांचा लॉस वेगळा असतो. चाचणी चालू असताना शेजारी पिंग चालू ठेवा आणि त्याचा कमाल आकडा टिपा. सरासरीला भुलू नका, माणसाला त्रास होतो तो कमाल आकड्याचा.

लॉस मुद्दाम घालून दाखवायचा तर लिनक्स क्लायंटच्या बाहेरच्या कार्डावर 'टीसी' आणि 'नेटेम' ने ५० मिलिसेकंद विलंब आणि आधी ०, मग १, मग ३ टक्के लॉस लावा. ० वर यूडीपी आणि टीसीपी जवळजवळ सारखे दिसतील, तेवढ्यापुरतं @उंबरठा यांचं म्हणणं खरं ठरतं. ३ वर आयपर्फच्या सेकंदा-सेकंदाच्या यादीत टीसीपी टनेलच्या बाजूला शून्याच्या ओळी दिसायला लागतात. ती यादीच पुढे ठेवा. चाचणी संपली की नेटेमचा नियम काढायला विसरू नका, नाहीतर त्या यंत्राच्या तक्रारी पुढचे कित्येक दिवस येत राहतील.

---

सव्यसाची

मांडणी अशी.

सर्व्हरवर ओपनव्हीपीएनच्या दोन प्रती चालवा. २.६ पर्यंत एक प्रक्रिया एकाच प्रोटोकॉलवर ऐकते. (२.७ मध्ये एकाच प्रक्रियेला अनेक सॉकेट देता येतात, पण दोन प्रतींचा मार्ग सगळीकडे चालतो.) पहिली: यूडीपी ११९४, आतल्या पत्त्यांचा पट्टा १०.८.०.०/२४. दुसरी: टीसीपी ४४३, पट्टा १०.९.०.०/२४. पट्टे वेगळेच हवेत. प्रमाणपत्रं आणि 'टीएलएस-क्रिप्ट' किल्ली दोन्हीकडे तीच. आतल्या फायरवॉलमध्ये आणि परतीच्या रूटमध्ये दुसरा पट्टा घालायचा राहतो आणि मग 'टीसीपीवर जोडलं जातं पण काहीच उघडत नाही' अशी तक्रार येते, ते आधीच करून ठेवा. क्लायंटनिहाय ठरलेले पत्ते असतील तर त्यांची फोल्डरं दोन्ही प्रतींना स्वतंत्र द्या.

४४३ वर वेबसर्व्हरही असेल तर टीसीपीच्या प्रतीत 'पोर्ट-शेअर' लावा. जे ओपनव्हीपीएन नाही ते मागे वेबसर्व्हरकडे सोडलं जातं.

क्लायंट फाइलमध्ये दोन 'रिमोट' ओळी, या क्रमाने: आधी ११९४ यूडीपी, मग ४४३ टीसीपी. 'रिमोट-रँडम' असेल तर काढा, नाहीतर क्रम विस्कटतो आणि निम्मे लोक विनाकारण टीसीपीवर जातात. 'सर्व्हर-पोल-टाइमआउट १०' घाला. याची मूळ किंमत १२० सेकंद आहे. यूडीपी बंद असेल तर माणूस दोन मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो आणि फोन उचलतो.

टीसीपीच्या प्रतीतून 'एक्सप्लिसिट-एक्झिट-नोटिफाय' ची ओळ काढा. तो पर्याय फक्त यूडीपीसाठी आहे, आणि नमुना फाइलमधून उचलून आणलेली ही ओळ काही आवृत्त्यांत टीसीपी सर्व्हर सुरूच होऊ देत नाही. त्याच प्रतीत 'टीसीपी-नोडिले' घाला, रिमोट डेस्कटॉपच्या छोट्या पॅकेटना तेवढाच दिलासा.

---

रानवारा

@सव्यसाची यांच्या मांडणीत एक सापळा आहे तो सांगून ठेवतो. टीसीपीकडे वळणं होतं ते हँडशेक फसला तरच. एमटीयूच्या दुखण्यात हँडशेक यशस्वी होतो, म्हणून क्लायंट यूडीपीवरच राहतो आणि अडतो. त्यामुळे एमएसएसफिक्स नीट लावल्याशिवाय हा क्रम सगळ्यांना देऊ नका. काहींची वाट १४४० पेक्षाही अरुंद असेल. सगळ्यांना मिळून एकच आकडा द्यायचा असेल तर १४०० घ्या. वेगात फरक किरकोळ पडतो आणि फोन वाचतात.

---

मध्यरात्र

यूडीपीवर गेल्यावर नोंदींमध्ये 'बॅड पॅकेट आयडी, मे बी अ रिप्ले' (जुनं पॅकेट कोणी पुन्हा पाठवलं असावं) अशा ओळी दिसायला लागतील. घाबरून परत टीसीपीवर जाऊ नका. वायफायवर पॅकेट मागेपुढे झाली किंवा दोनदा आली की ही ओळ उमटते. मूळ खिडकी ६४ पॅकेट आणि १५ सेकंदांची आहे. ओळी अधूनमधून असतील तर सोडून द्या. सतत असतील आणि वेगही पडत असेल तर 'रिप्ले-विंडो १२८' करून बघा. 'म्यूट-रिप्ले-वॉर्निंग्ज' लावून नुसती नोंद बंद करू नका, खऱ्या हल्ल्याची खूणही त्यात जाते.

---

उंबरठा

दोन प्रती, यूडीपी आधी, वेळमर्यादा १० सेकंद. या मांडणीला माझी हरकत नाही. टीसीपी हाताशी आहे एवढंच मला हवं होतं.

---

घड्याळकाटा

@कुंपणावरचा, बदल केल्यावर टीसीपीच्या प्रतीची 'स्टेटस' फाइल रोज बघत जा, मूळ मांडणीत ती दर ६० सेकंदांनी लिहिली जाते. तिथे एकेकदा येऊन जाणाऱ्यांची काळजी नको, ते कुठल्यातरी पाहुण्या वायफायवर असतील. पण तेच नाव रोज टीसीपीवर दिसत असेल तर त्याच्या घरच्या राउटरवर यूडीपी अडतेय किंवा त्याच्याकडे जुनी क्लायंट फाइल राहिली आहे. आधी फाइल बघा, बहुतेक वेळा तीच असते.